कोल्हापूरचे चौथे शिवाजी आणि विश्वासघाताचा शोध

अद्भुत कथांच्या मालिकांत एक पात्र वारंवार भेटतें. तें म्हणजे विद्यालयाचा मुख्याध्यापक. आईबापांनीं आपलीं मुलें त्याच्या स्वाधीन केलेलीं असतात, मुलांचा त्याच्या शब्दावर विश्वास असतो, आणि कथा जसजशी पुढें सरकते तसतसा त्याचा काळा पूर्वेतिहास उघडा पडत जातो. ज्याच्या हातीं रक्षणाचें काम दिलें तोच घात करणारा निघतो. अशा कथेनें लहानमोठे सारेच वाचक हादरतात, कारण उघड शत्रूपेक्षां विश्वासांतल्या माणसाचें भय मनुष्यास नेहमींच अधिक वाटत आलें आहे. परंतु कथेला एक सोय असते. लेखक सर्वज्ञ असतो. शेवटच्या प्रकरणांत तो पडदा उचलतो आणि अपराधी कोण तें दाखवितो. इतिहासाला ही सोय नाहीं. तेथें संशय पुष्कळ असतात, पुरावे थोडे असतात, आणि कित्येकदां पडदा अर्धाच उचलला जातो.

कोल्हापूरच्या इतिहासांत असा एक अर्धा उचललेला पडदा आहे. एका अल्पवयी राजाचें पालन, शिक्षण आणि राज्य ज्यांच्या हवालीं केलें होतें त्यांनींच त्याचा घात मांडला आहे, असा आरोप इ. स. १८८१ मध्यें जाहीरपणें झाला. आरोप करणारे दोन तरुण शाळामास्तर होते. खटला झाला, मास्तरांना तुरुंग मिळाला, ज्याच्यावर आरोप होता तो निर्दोष ठरला. आणि ज्या राजासाठीं हें सारें घडलें तो दीड वर्षानें पहाऱ्यांतच मरण पावला. हें प्रकरण लोकमान्य टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांच्या चरित्रांतील पहिला कारावास म्हणून सर्वांस माहीत आहे. त्या कारावासाच्या तेजांत तो राजा मात्र झांकून गेला आहे.

या राजाची कथा फ्लॉरेन्स शहरांत सुरू होते. कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज १८७० सालीं युरोपच्या प्रवासास गेले. हिंदी संस्थानिकानें समुद्र ओलांडणें ही त्या काळीं मोठी धाडसाची गोष्ट होती. इंग्लंड पाहून परततांना इटलींतील फ्लॉरेन्स येथें ३० नोव्हेंबर १८७० रोजीं वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षीं त्यांचा अंत झाला. आर्नो नदीच्या कांठीं त्यांचें दहन झालें व पुढें तेथें त्यांचें स्मारक उभें राहिलें. त्यांच्यासमवेत असलेले कॅप्टन वेस्ट यांनीं महाराजांची रोजनिशी १८७२ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध केली. ती वाचणाऱ्यास एक जिज्ञासु, मोकळ्या मनाचा तरुण दिसतो. महाराजांस पुत्र नव्हता. गादीसाठीं भोसले घराण्याच्या खानवटकर शाखेंतील नारायणराव या मुलाची निवड झाली आणि १८७१ सालीं चौथे शिवाजी या नांवानें तो कोल्हापूरच्या गादीवर बसला. त्याचें वय त्या वेळीं आठ वर्षांचें होतें.

आठ वर्षांच्या राजास राज्य करतां येत नाहीं, शिकावें मात्र लागतें. त्यामुळें त्याच्याभोंवतीं पालकांची एक उतरंड उभी राहिली. सर्वांत वर मुंबई सरकार. त्याच्या खालीं कोल्हापुरांतील पोलिटिकल एजंट. त्याच्या खालीं संस्थानचा कारभारी, राजाचे शिक्षक, देखरेख करणारे युरोपियन अधिकारी, डॉक्टर आणि शेवटीं दारावरचे पहारेकरी. यांतील प्रत्येकाचें उत्तरदायित्व आपल्या वरच्याकडे होतें. खालीं असलेल्या मुलास किंवा त्याच्या वाड्यांतील स्त्रियांस जाब देण्याचें बंधन यांपैकीं कोणावरही नव्हतें. १८७५ सालीं वेल्सचे युवराज मुंबईस आले तेव्हां त्यांच्या भेटीस गेलेल्या संस्थानिकांमध्यें बारा वर्षांचा हा राजाही होता. रत्नजडित पोशाखांतील त्या मुलाचें कौतुक झालें. १८७७ सालीं कोल्हापुरांत त्याच्यासाठीं नव्या राजवाड्याचें काम सुरू झालें. बाहेरून पाहणाऱ्यास सर्व कांहीं यथास्थित चालल्यासारखें वाटावें, अशीच ही चिन्हें होतीं.

परंतु राजा वयांत येऊं लागला तशी त्याच्या मनाच्या स्थितीविषयीं कुजबुज सुरू झाली. महाराजांच्या बुद्धीस भ्रम झाला आहे, त्यांस आंवरण्यासाठीं सक्त देखरेख हवी, असें अधिकारी म्हणत. महाराज चांगले आहेत, छळानें त्यांस वेडे करण्यांत येत आहे, असें लोक म्हणत. आज इतक्या वर्षांनंतर त्या तरुणाच्या मनाचें निदान करूं पाहणें व्यर्थ आहे. पण लोकांनीं दुसरी गोष्ट इतक्या सहजपणें कां मानली याचा विचार मात्र करतां येतो, आणि तो करावयास हवा. कथेंतल्या मुख्याध्यापकाचा काळा पूर्वेतिहास असतो. कोल्हापुरांत असा पूर्वेतिहास एखाद्या व्यक्तीचा नव्हता. तो त्या पदाचा होता.

या पदाचा इतिहास म्हणजे अल्पवयी राजा आणि इंग्रजांनीं नेमलेला कारभारी यांचा इतिहास. चौथ्या शिवाजींच्या पूर्वीं एक पिढी हाच प्रयोग कोल्हापुरानें पाहिला होता. बाबासाहेब महाराज लहान असतांना ब्रिटिशांनीं दाजी कृष्ण पंडित यांस कारभारावर आणिलें. त्यांनीं महसुलाची व गडांची जुनी व्यवस्था मोडण्यास आरंभ केला. पिढ्यान् पिढ्या किल्ले सांभाळणाऱ्या गडकऱ्यांच्या पोटावर पाय आला आणि १८४४ सालीं सामानगड, भुदरगड, पन्हाळा येथें बंड पेटलें. खुद्द दाजी पंडितांना कांहीं काळ बंडवाल्यांच्या कैदेंत राहावें लागलें. साताऱ्याचे रेसिडेंट कर्नल ओव्हान्स प्रवासांत सांपडले, त्यांना पन्हाळ्यावर अडकवून ठेवण्यांत आलें. बंड मोडलें, पण कारभारी हा राजाचा नसून साहेबाचा माणूस असतो ही समजूत मात्र घरोघर रुजली. पुढें १८५७ च्या धामधुमीनंतर महाराजांचे धाकटे बंधु चिमासाहेब यांस कराचीस नेऊन ठेवण्यांत आलें. ते परत आलेच नाहींत. १८६९ सालीं तेथेंच त्यांचें देहावसान झालें. त्यानंतर वर्षभरानें राजाराम महाराज परमुलखांत वारले. पंचवीस वर्षांत इतकें पाहिलेल्या नगरास आपला तरुण राजा कोंडला गेल्याचें कळलें तर तें काय समजेल? संशय घेण्यास त्याला कोणी शिकवावें लागत नव्हतें.

या वेळीं कारभाऱ्याच्या जागीं रावबहादूर माधवराव बर्वे होते. राजास छळून वेडा ठरविण्याच्या कटांत त्यांचें अंग आहे, असा प्रवाद पसरला होता. त्यांनीं लिहिलेलीं म्हणून कांहीं पत्रें या हातांतून त्या हातांत फिरूं लागलीं. त्या पत्रांतील मजकूर खरा मानला तर कारभाऱ्याचा दुष्ट हेतु त्याच्याच अक्षरांत सिद्ध होत होता. अशीं पत्रें पुण्यास पोंचलीं.

पुण्यांत १८८० च्या जानेवारींत न्यू इंग्लिश स्कूल निघालें होतें आणि पुढच्याच जानेवारींत त्याच शिक्षकमंडळीनें 'केसरी' व 'मराठा' हीं वर्तमानपत्रें काढलीं होतीं. 'केसरी'चे संपादक आगरकर, 'मराठा'चे टिळक. दोघांचें वय पंचवीस. सकाळीं वर्गांत मुलांस शिकवावें आणि रात्रीं अग्रलेख लिहावे, असा त्यांचा क्रम होता. कोल्हापुरांत राजाचा छळ होतो आहे आणि सरकार स्वस्थ बसलें आहे, हें त्यांस सहन होणें शक्य नव्हतें. १८८१ च्या अखेरीस दोन्ही पत्रांतून कारभाऱ्यांवर जळजळीत टीका सुरू झाली आणि सरकारनें या प्रकरणांत हात घालावा अशी मागणी झाली. येथें एक गोष्ट विसरूं नये. या दोघांस संस्थानाकडून कांहीं मिळवावयाचें नव्हतें. शाळा व वर्तमानपत्रें नुकतींच उभीं राहत होतीं, आणि गमावण्यासारखें मात्र सर्व कांहीं होतें.

१८८२ च्या आरंभीं बर्वे यांनीं अब्रुनुकसानीचा दावा लावला. टिळक-आगरकरांची सारी भिस्त त्या पत्रांवर होती, आणि न्यायालयाच्या उजेडांत तींच टिकेनात. तीं बर्वे यांच्या हातचीं आहेत हें सिद्ध झालें नाहीं. तीं बनावट ठरलीं. दोघांनीं प्रसिद्धपणें माफी मागितली. पण फिर्यादीनें दावा सोडला नाहीं. खटला चालूं असतांनाच १७ मार्चला विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले आणि मंडळीचा आधारस्तंभच कोसळला. शेवटीं १७ जुलै १८८२ रोजीं मुंबईच्या हायकोर्टानें टिळक व आगरकर यांस प्रत्येकीं चार महिन्यांची साधी कैद सांगितली. आगरकरांना सव्विसावें वर्ष संपून तीनच दिवस झाले होते. टिळकांचें तें संपावयास सहा दिवस उरले होते.

या खटल्यानें लोकांच्या मनाची जी हालचाल झाली ती नमूद करण्याजोगी आहे. आरोपींच्या जामिनाचा प्रश्न आला तेव्हां जोतीराव फुले यांच्या खटपटीनें पुण्याचे रामशेट बापूशेट उरवणे यांनीं दहा हजार रुपयांचा जामीन दिला. पुढील काळांत ज्यांचे मार्ग एकमेकांच्या विरुद्ध गेले, ते पक्ष या एका प्रसंगीं एकत्र आले होते. कारण छळाची वार्ता छत्रपतींच्या गादीसंबंधीं होती, आणि तिच्याविषयींची आपुलकी कोणा एका पक्षाची नव्हती.

डोंगरीच्या तुरुंगांत दोघे मित्र एकशें एक दिवस राहिले व २६ ऑक्टोबर १८८२ रोजीं सुटले. त्या दिवसांची हकीकत आगरकरांनीं पुढें पुस्तकरूपानें लिहिली. तुरुंगांत असतांनाच त्यांनीं शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकाच्या भाषांतराचें काम केलें. तें 'विकारविलसित' या नांवानें १८८३ सालीं प्रसिद्ध झालें. हा योगायोग मोठा बोलका आहे. हॅम्लेट हा डेन्मार्कचा राजपुत्र. सिंहासनावर बसलेला त्याचा चुलता हाच त्याच्या बापाचा खुनी. राजपुत्र वेडा झाला आहे कीं वेडाचें सोंग करतो आहे, याचा निर्णय कोणासही करतां येत नाहीं. दरबारांतील प्रत्येकजण त्याच्यावर नजर ठेवून असतो, आणि त्याच्या हिताच्या नांवाखालीं त्याला देशाबाहेर धाडण्याची योजना आंखली जाते. एका वेड्या ठरविलेल्या राजासाठीं तुरुंगांत गेलेला लेखक त्याच कोठडींत या नाटकावर मेहनत घेत होता. फरक इतकाच कीं शेक्सपिअरच्या प्रेक्षकास चुलत्याचा कबुलीजबाब ऐकूं येतो. महाराष्ट्राला तसा कबुलीजबाब कधींच ऐकूं आला नाहीं.

इकडे कोल्हापुरांत राजास राज्यकारभारास असमर्थ ठरवून कागलचे अधिपति जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांस रीजंट नेमण्यांत आलें. राजास अहमदनगरच्या किल्ल्यांत नेलें. तेथें त्याच्या तैनातीस गोरे शिपाई होते. २५ डिसेंबर १८८३ रोजीं, ऐन नाताळच्या दिवशीं, ग्रीन नांवाच्या शिपायाशीं झालेल्या झटापटींत चौथे शिवाजी मरण पावले. प्लीहा फुटल्यानें मृत्यु आला, अशी नोंद झाली. वय वीस वर्षांचें. राजाराम महाराज गेले तेव्हां त्यांचेंही वय तितकेंच होतें. पण ते गेले तेव्हां जग पाहण्यास निघालेले होते, आणि हे गेले तेव्हां चार भिंतींत कोंडलेले होते. ज्या नव्या राजवाड्याचें काम यांच्यासाठीं १८७७ मध्यें सुरू झालें होतें, तो १८८४ मध्यें पुरा झाला.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावें. विश्वासघात झाला कीं नाहीं, आणि झाला असेल तर तो कोणी केला?

बर्वे यांच्यापुरतें उत्तर स्पष्ट आहे. ज्या पत्रांवर आरोप उभा होता तीं खोटीं ठरलीं, आणि खोट्या पत्रावर कोणाचेंही नांव कलंकित करतां येत नाहीं. देशभक्तांनीं आरोप केला म्हणून तो खरा ठरत नाहीं. टिळक-आगरकरांनीं स्वतःच माफी मागून तें मान्य केलें होतें. त्यांच्या चरित्रांतील हा भाग सांगतांना पुष्कळदां तुरुंगाचें वर्णन लांबतें आणि माफीचा उल्लेख आंखडतो. वास्तविक त्या माफीनें त्यांचा मोठेपणा कमी होत नाहीं. हातांतील पुरावा खोटा आहे असें दिसल्यावर तो सोडून देणें हेंही धैर्यच आहे.

परंतु पत्रें खोटीं ठरलीं म्हणून राजाविषयींची काळजी खोटी ठरली काय? येथेंच या प्रकरणाचें खरें दुःख आहे. न्यायालयापुढें प्रश्न होता तो एका अधिकाऱ्याच्या अब्रूचा. राजाचें काय चाललें आहे, त्याच्याशीं कोण कसें वागतें, त्याच्या अंगाला हात लावण्याचा अधिकार कोणास आहे, हा प्रश्न त्या खटल्याच्या कक्षेंतच नव्हता. खटला संपला तेव्हां लोकांस वाटलें कीं प्रकरण संपलें. सरकारास वाटलें कीं आपण निर्दोष ठरलों. आणि दीड वर्षानें अहमदनगरास जें घडलें त्यानें दाखवून दिलें कीं काळजीचें कारण शेवटपर्यंत शिल्लक होतें. खलपुरुष सांपडला नाहीं, पण बळी मात्र गेला.

खलपुरुष शोधण्याच्या संवयीचा हा दोष आहे. कोणी एक दुष्ट कारभारी आहे, त्याचा कावा त्याच्या पत्रांत लपला आहे, तीं पत्रें हातीं आलीं कीं काम झालें, असें मनानें एकदां घेतलें म्हणजे खोटीं पत्रें बनविणारांचें फावतें. त्यांस ठाऊक असतें कीं लोकांस नेमकें काय वाचावयाचें आहे. आणि तीं पत्रें फुटलीं कीं त्यांच्याबरोबर खरी तक्रारही बुडते. एखाद्या आजारी अथवा आजारी ठरविलेल्या मुलास आप्तांपासून तोडून अनोळखी शिपायांच्या हातीं देणें, आणि त्या शिपायांस विचारणारें तेथें कोणीही नसणें, एवढें घात होण्यास पुरें आहे. त्याला कटाची आवश्यकता नाहीं. उतरंडींतील प्रत्येक माणूस आपापल्या परीनें नेमून दिलेलें काम करीत असेल, आणि तरीही तळाशीं असलेलें मूल चिरडलें जाईल.

याच शहरानें लगेच याचा दुसरा पक्षही पाहिला. चौथ्या शिवाजींच्या राणी आनंदीबाई यांनीं १७ मार्च १८८४ रोजीं जयसिंगराव घाटगे यांचे पुत्र यशवंतराव यांस दत्तक घेतलें. हेच पुढें राजर्षि म्हणून विख्यात झालेले शाहू छत्रपति. गादीवर येतांना त्यांचें वय दहाच्या आंत होतें. त्यांच्याभोंवतींही तीच उतरंड होती: तेंच मुंबई सरकार, तेंच पोलिटिकल एजंटाचें पद, तेच युरोपियन पालक. पण कांहीं गोष्टी निराळ्या होत्या. प्रारंभीं खुद्द त्यांचे जन्मदाते वडील रीजंट होते. १८८६ मध्यें वडील वारले, तरी मुलगा एकटा पडला नाहीं. राजकोटच्या राजकुमार कॉलेजांत मॅक्नॉटन यांच्या हाताखालीं आणि नंतर धारवाडास स्टुअर्ट फ्रेझर यांच्या देखरेखीखालीं ते शिकले, तेव्हां त्यांच्याबरोबर धाकटे बंधु बापूसाहेब आणि घराण्यांतील काकासाहेब घाटगे हे होते. भावनगरचे राजपुत्र भावसिंहजी यांची संगत धारवाडास लाभली. रघुनाथ व्यंकाजी सबनीस यांच्यासारखे शिक्षक घरच्या भाषेंत बोलणारे होते, आणि तेच पुढें संस्थानचे दिवाण झाले. फ्रेझर यांच्याविषयीं शाहू महाराजांस अखेरपर्यंत आदर वाटे.

एका मुलाचा नाश झाला तें सर्व एकटेपणामुळें आणि दुसऱ्याचें भलें झालें तें सर्व सोबत्यांमुळें, असा सरळ हिशेब मांडतां येणार नाहीं. दोघांची प्रकृति, दोघांचें दैव वेगळें होतें. तरी इतकें खास कीं धारवाडच्या बंगल्यांत कोणी मुलावर हात टाकला असता तर तें पाहणारे आणि घरीं कळविणारे चार जण तेथें हजर होते. नगरच्या किल्ल्यांत असे कोणी नव्हते.

२ एप्रिल १८९४ रोजीं शाहू महाराजांनीं राज्याचीं सूत्रें हातीं घेतलीं. १९०१ पासून कोल्हापुरांत विद्यार्थ्यांचीं वसतिगृहें उभीं राहूं लागलीं. खेड्यापाड्यांतून आलेलीं, आईबापांपासून दूर असलेलीं मुलें तेथें आपापल्या समाजांतील जाणत्या माणसांच्या नजरेखालीं राहिलीं, आणि महाराज स्वतः त्यांची विचारपूस करीत. १९१७ मध्यें संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्याचा निर्णय झाला. ज्या गादीवरील एका मुलाचें शिक्षण एका किल्ल्याच्या कोठडींत संपलें, त्याच गादीनें हजारों मुलांसाठीं शाळेचीं दारें उघडलीं.

टिळक-आगरकरांनींही शाळा सोडली नाहीं. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि १८८५ च्या आरंभीं तिचें कॉलेज सुरू झालें. त्या कॉलेजास फर्ग्युसन हें नांव दिलें गेलें तें मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचें. चौथे शिवाजी मरण पावले तेव्हां मुंबईच्या गव्हर्नरपदावर हेच गृहस्थ होते. ज्या सरकाराच्या पालकत्वाविरुद्ध या मास्तरांनीं लेखणी उचलली, त्याच सरकाराच्या प्रमुखाचें नांव त्यांच्या विद्यामंदिरास लागलें. यांत कोणी विश्वासघात पाहील, कोणी व्यवहार पाहील. शाळा चालविणारास सरकाराचें साह्य लागतें, आणि शाळा चालली पाहिजे हा त्यांचा पहिला हेतु होता, एवढेंच खरें म्हणतां येईल.

कथेंतला दगलबाज मुख्याध्यापक शेवटीं पकडला जातो आणि वाचक निश्चिंत होऊन पुस्तक मिटतो. कोल्हापूरच्या या कथेंत कोणी पकडलें गेलें नाहीं, म्हणून निश्चिंत होण्याचीही सोय नाहीं. आपलें मूल ज्याच्या हातीं द्यावयाचें तो मनुष्य चांगला आहे ना, हें आईबाप नेहमींच पाहतात. तो चांगला असला तरी त्याच्या दाराआड काय चालतें तें विचारणारा कोणी आहे ना, हेंही पाहावयास हवें. नगरच्या किल्ल्यांत १८८३ च्या नाताळास जर असा एक माणूस असता, तर खऱ्याखोट्या पत्रांचा निर्णय कसाही लागला तरी एक वीस वर्षांचा तरुण कदाचित् जगला असता.